मजेत बसताना उठतं कोण?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १३

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "ताई, ट्रिपला गेल्यावर झकास हॉटेलात राहावंसं वाटतं. पण आपण नाम घेणारी माणसं, हे आपल्याला शोभतं का?" प्रश्न खरा आहे. 'सगळं मनावर असतं' एवढं म्हणून तो सुटत नाही.

मध्यंतरी मी बर्लिनला तीन दिवस 'ट्वेंटीफाइव्ह अवर्स बिकिनी बर्लिन' या हॉटेलात राहिले. १९५०च्या दशकातल्या एका संकुलात २०१४ साली सुरू झालेलं हे हॉटेल म्हणजे मोठ्यांसाठी मांडलेला खेळच. एका बाजूच्या खोल्या शहराकडे बघतात, तर दुसऱ्या बाजूच्या 'जंगल' खोल्या थेट प्राणिसंग्रहालयाकडे. हे प्राणिसंग्रहालय १८४४ सालचं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. काही खोल्यांत खिडकीशी झोपाळा टांगलेला असतो. दहाव्या मजल्यावरच्या बारचं नाव 'मंकी बार', कारण तिथून खाली माकडं दिसतात! मला मजा आली, अगदी मनापासून.

आणि खेळ, मजा हे मुळातच वाईट असेल, तर आजचा अध्याय आपण वाचूच नये. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ शिदोऱ्या सोडून बसलेत. आपापल्या डब्यातली चव एकमेकांना दाखवतायत, खिदळतायत. मधोमध कृष्ण. पावा कमरेला खोचलेला, हातात दहीभाताचा घास. एवढ्यात वासरं चरत चरत दिसेनाशी होतात. मुलं घाबरतात. तेव्हा कृष्ण त्यांना सांगतो, तुम्ही जेवण थांबवू नका, वासरं मी घेऊन येतो. आणि हातातला घास तसाच घेऊन तो निघतो.

पुढे ब्रह्मदेव वासरं पळवतात, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र दर वेळी या उठण्यापाशी थांबते. खेळाच्या मधोमध जो बसलाय, तोच सगळ्यांआधी उठतो, म्हणजे बाकीच्यांचं जेवण मोडू नये.

आपल्या मजेत असं होतं का? आपण झोपाळ्यात बसतो आणि उठतं दुसरंच कुणीतरी. आपण फिरायला बाहेर पडलो की ट्रॉली ढकलत कुणी येतं, चादरी बदलतं, बेसिनमधले आपले केस काढतं. तिच्यासाठी ती 'जंगल' खोली नसते. दिवसभराच्या यादीतली ती फक्त एक खोली असते.

"पण आपण पैसे मोजलेत ना?" मोजलेत. त्यावर तिचं घर चालतं, हेही खरं. पण पैशाने काम विकत मिळतं. काम करणाऱ्याकडे न बघण्याची मुभा मिळत नाही.

आपल्या वारकरी परंपरेने हे फार आधी ओळखलं. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, त्यात कुणाची शिदोरी कोणती हे उरतच नाही. नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, जनाबाईसोबत दळायला बसतो. ज्या कामाची देवाला लाज नाही, ते करणारं माणूस आपल्याला दिसतच नसेल, तर आपण देव शोधतोय तरी कुठे?

म्हणून हॉटेल झकास की साधं, यावर भक्ती ठरत नाही असं मला वाटतं. धर्मशाळेत राहून कचरा मागे टाकून येणारेही आपण पाहिलेत. विचारायचं ते हे : माझ्या मजेचं ओझं कुणावर पडतंय, आणि त्यातलं मला उचलता येण्यासारखं मी उचलते का? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर कधी कधी 'मग हे नकोच' असंही उत्तर येईल. तेही ऐकायची तयारी हवी.

आजचा संकल्प : पुढच्या ट्रिपला खोली सोडताना टॉवेल एका जागी ठेवू, कचरा डब्यात टाकू, जमेल तशी टीप ठेवू आणि समोर कुणी दिसलं तर थांबून दोन शब्द बोलू. आणि ट्रिपची वाट कशाला बघायची? आज रात्री जेवताना पाण्याचा तांब्या रिकामा झाला, तर "आई, पाणी!" अशी हाक मारू नका. हातात घास असला तरी उठा.

राम कृष्ण हरी!