उतारशाळेच्या रक्षकाचा हिशेब

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील एक पात्र बहुधा आपल्या दृष्टीतून निसटून जाते. याजक, लेवी, जखमी वाटसरू आणि शोमरोनी यांच्यावर प्रवचने होतात. उतारशाळेच्या रक्षकाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः जखमी मनुष्याची पुढची सारी शुश्रूषा त्याच्याच हातून व्हावयाची होती. शोमरोन्याने त्याच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना भरून देण्याचे वचन दिले. तेलाला किती, अन्नाला किती, अशा खर्चाच्या बाबी त्याने ठरवून दिल्या नाहीत. देणाऱ्याने घेणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकला.

आज बेघरांची सेवा करणाऱ्या संस्थेला असा दाता क्वचितच लाभतो. पुष्कळदा तिचा मोठा दाता सरकार असते. आणि सरकार पैसा देते तेव्हा तो कशावर खर्च करता येईल व कशावर येणार नाही, हेही लिहून देते. या नियमांकडे ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? ते दयेच्या वाटेतील धोंड आहेत, की कारभारीपणाचाच एक भाग? आणि नियम एक सांगतो व दारात उभा असलेला मनुष्य दुसरेच मागतो, तेव्हा काय करावे?

अशा नियमांचा अत्यंत तपशीलवार नमुना अमेरिकेत आढळतो. तेथे १९८७ साली मॅकिन्नी कायद्याने बेघरांच्या साहाय्यासाठी केंद्र सरकारच्या निधीची व्यवस्था झाली. २००९ च्या हार्थ कायद्याने तिची फेरमांडणी झाली आणि २०१२ मध्ये तेथील गृहनिर्माण व नगरविकास खात्याने ‘कंटिन्युअम ऑफ केअर’ या योजनेची नियमावली प्रसिद्ध केली. निधीतून कोणत्या सेवा देता येतील याची यादीच तीत आहे: अन्न, मुलांचा सांभाळ, शिक्षण, नोकरीचे प्रशिक्षण, मानसिक आरोग्यसेवा, व्यसनमुक्तीचे उपचार, घर शोधण्यास मदत, सामान हलविण्याचा एकवेळचा खर्च, वीज-पाण्याची अनामत इत्यादी. यादीत जे नाही ते या पैशातून करता येत नाही. सार्वजनिक वाहतूक अपुरी असेल तर बेघर मनुष्याची मोटार दुरुस्त करून देता येते. पण एकदाच, गाडीच्या प्रमाणित किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि पैसे त्याच्या हाती न देता थेट दुरुस्ती करणाऱ्याला. कायदेविषयक साहाय्य यादीत आहे. परंतु नागरिकत्वाची व परदेशातून येऊन राहण्याच्या परवान्याची प्रकरणे त्यातून वगळली आहेत. रस्त्यावरून वा निवाऱ्यातून रुग्णालयात किंवा तुरुंगात गेलेला मनुष्य तेथे ९० दिवसांपर्यंत राहिला, तर बाहेर पडताना तो प्रत्यक्ष बेघरांच्या वर्गातच गणला जातो. मुक्काम त्याहून लांबला, तर त्या आधारावर गणला जात नाही. म्हणजे ९१ व्या दिवशी त्याची गरज तीच राहते, पण कागदावरचे त्याचे नाव बदलते.

हे वाचून मन अस्वस्थ होते, आणि व्हावेच. तथापि नियमांचा धिक्कार करण्यापूर्वी ते कोणाच्या रक्षणासाठी आहेत याचा विचार करावा. हा पैसा संस्थेचा नव्हे. तो कर भरणाऱ्या असंख्य अनोळखी माणसांचा आहे, आणि त्यावर आज दारात उभ्या असलेल्या मनुष्याइतकाच उद्या येणाऱ्या मनुष्याचाही हक्क आहे. आजचा मनुष्य आपल्याला दिसतो, उद्याचा दिसत नाही. नियम हे त्या न दिसणाऱ्या मनुष्याला दिलेले वचन होय. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने बरोबर घेतला. कारण आपला कारभार प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही निर्दोष दिसावा, अशी त्याची काळजी होती. याउलट बेथानी येथे सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा गरिबांचे नाव घेऊन कुरकुर करणारा यहूदा हाच थैलीत हात घालणारा होता. गरिबांचे नाव घेणे म्हणजे गरिबांशी प्रामाणिक असणे नव्हे.

येथे कोणी विचारील, दाविदाचे काय? केवळ याजकांसाठी राखलेली भाकर भुकेलेल्या दाविदाने खाल्ली, आणि खुद्द प्रभूने त्या प्रसंगाचा दाखला दिला. मग गरज नियमापेक्षा श्रेष्ठ नव्हे काय? होय, श्रेष्ठ आहे. परंतु तो शास्त्रभाग पुढेही वाचावा. भाकर मागताना दाविदाने अहीमलेख याजकाला खरे सांगितले नाही; राजाच्या गुप्त कामगिरीवर निघालो आहे, असे कारण त्याने पुढे केले. त्यानंतर शौलाचा क्रोध नोब येथील याजकांवर कोसळला, ८५ याजक मारले गेले, आणि या अनर्थाला आपण कारण झालो हे दाविदाने स्वतःच मान्य केले. प्रभूने भुकेल्याचे पोट भरणे योग्य ठरविले. खोट्या कारणाला त्याने मान्यता दिल्याचे कोठेही दिसत नाही. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. परवान्याच्या प्रकरणातील वकिलाचे शुल्क ‘घर शोधण्यास मदत’ या बाबीखाली लिहिणारा कारभारी दयाळू असेल. पण त्याची ती एक ओळ उघडकीस आली की संपूर्ण निवारा बंद पडू शकतो, आणि त्याची शिक्षा तेथे झोपणाऱ्यांना भोगावी लागते.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. आईबापांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झाले आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत दोष दिला. तेथे नियम खोटा नव्हता; त्याच्या आडून कर्तव्य टाळणे हे पाप होते. “हे आमच्या बाबीत बसत नाही” हे वाक्य हिशेबाच्या वहीत योग्य आहे. दारातील मनुष्याला दिलेले अखेरचे उत्तर म्हणून ते कुर्बानच होय. ही सवय जडली की हळूहळू ज्या गरजेला बाब आहे तेवढीच गरज आपल्याला दिसू लागते.

ख्रिस्ती संस्थांना आणखी एक अट बोचते. अमेरिकेतील नियमानुसार सरकारकडून थेट मिळालेला पैसा उपासना, धर्मशिक्षण वा धर्मप्रसार यांवर खर्च करता येत नाही. ही कार्ये वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी व्हावीत, त्यांत सहभाग ऐच्छिक असावा आणि धर्मावरून कोणाला निवारा नाकारू नये, असे बंधन आहे. संस्थेला आपले ख्रिस्ती नाव वा भिंतीवरील क्रूस काढावा लागत नाही. हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेत संमतीवाचून कोणालाही धर्मशिक्षणास बसविता येत नाही; आपल्या मिशन शाळा या तत्त्वाखालीच चालत आल्या आहेत.

त्याही पूर्वी पंडिता रमाबाईंना हाच प्रश्न सोडवावा लागला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या द्रव्यावर. धर्म कोणावर लादावयाचा नाही, हे त्या सदनाचे धोरण होते. रमाबाईंनी मुलींवर सक्ती केली नाही. पण आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही बंद केले नाही. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपला संबंध सोडला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आल्या. उच्चवर्णीय विधवांसाठी मांडलेल्या मूळ चौकटीत त्या बसणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती उभी राहिली, आणि तिचा भार उघडपणे ख्रिस्ती दानांवर टाकण्यात आला. एका थैलीची मर्यादा संपली तेथे दुसरी थैली उघडली गेली.

आपल्या उत्तराची दिशा यातच आहे. जी सेवा आपण दुसऱ्याच्या पैशातून करतो ती त्याच्या अटींवर, अक्षरशः प्रामाणिकपणे करावी. अट अन्यायकारक वाटली तर ती बदलून घेण्यासाठी उघडपणे लिहावे, बोलावे. आणि जे त्या पैशातून होत नाही ते आपल्या पैशातून करावे. अमेरिकेतील ती नियमावलीही भाडेपट्ट्याचा खर्च वगळता २५ टक्के वाटा पैशाच्या वा सेवेच्या रूपाने अन्य मार्गांनी उभा करावयास सांगते. जणू सरकारही विचारते, तुमचे स्वतःचे काय?

हा प्रश्न भारतातील मंडळ्यांनाही आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात १७.७ लाखांहून अधिक लोक बेघर आढळले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर १ लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायम निवाऱ्याची सोय असावी असे प्रमाण ठरले, आणि निवारे चालविण्याचे काम स्वयंसेवी संस्थांनाही देता येत होते. निवारा म्हणजे छप्पर, पाणी, अंथरूण. एवढे सरकारी पैशातून होऊ शकते. परंतु गावी परतू इच्छिणाऱ्या म्हाताऱ्याचे रेल्वेचे तिकीट, तुटलेला चष्मा, निनावी मेलेल्याला सन्मानाने दिलेली मूठमाती, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्याजवळ घालविलेला एक तास, यांना कोणती बाब लावणार?

इंदूर असो, हैदराबाद असो की नगर, प्रत्येक मंडळीने आपल्या दानार्पणातून एक लहानशी थैली अशा बाबीविना गरजांसाठी वेगळी ठेवावी. तिचाही हिशेब चोख असावा. फक्त तिच्या वहीत खर्चाच्या बाबी आधी छापलेल्या नसाव्यात. अधिक खर्च झाला तर भरून देईन असे म्हणणारा धनी परत येणार आहे, यावर आपला विश्वास आहे. तो आल्यावर दोन्ही वह्या त्याच्यासमोर निःसंकोच उघडता याव्यात, एवढीच उतारशाळेच्या रक्षकाची जबाबदारी आहे.