पुसल्या जाणाऱ्या पडद्याला इस्त्री

हौसेचा फोटो काढायला स्टुडिओत गेलं, की हल्ली पुष्कळ ठिकाणी मागे हिरवा पडदा लावलेला असतो. फोटो निघाला की संगणकावर तो हिरवा रंग पुसून टाकतात आणि त्या जागी डोंगर, वाडा, समुद्र, हवं ते बसवतात. पडदा फोटोत राहणारच नसतो. तरीही कसलेला फोटोग्राफर क्लिक करण्याआधी बराच वेळ त्या पडद्यापाशीच घालवतो. मला हे फार आवडतं.

आधी इस्त्री. एक चुणी राहिली तरी तिची सावली पडते, तिथला हिरवा गडद होतो आणि पुसताना नेमका तेवढाच डाग मागे उरतो. मग पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. चेहऱ्यासाठी दिवे वेगळे. माणसाला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभं करायचं. खेटून उभं राहिलं, तर कापडाचा हिरवेपणा गालावर, कानामागे, केसांच्या कडांवर उतरतो आणि चेहरा आजारी दिसतो. हिरवाच रंग का? माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो लांबचा. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात; कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये पेटंट मिळालेली ही रचना. नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यापुढे मात्र हा पडदा चालत नाही. रंगाबरोबर बांगड्याही पुसल्या जातात. तिच्यासाठी निळा पडदा लावावा लागतो.

फोटो बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. घरातली कितीतरी कामं याच जातीची. आज डब्यात मटकीची उसळ असेल, तर ती मटकी कुणीतरी परवा रात्री आठवणीने भिजवलेली असते, काल उपसून फडक्यात बांधलेली असते. विसरलं असतं, तरच आपल्या लक्षात आलं असतं.

आज तुमच्याही वाट्याला असं एखादं काम येईल. पुढच्या पाळीवर येणाऱ्यासाठी टेबल आवरून ठेवायचं असेल, फोन लावण्याआधी कागद नीट वाचून घ्यायचा असेल. त्याला उरलासुरला वेळ देऊ नका, हक्काचा द्या. आणि डबा हातात घेताना एवढं जरूर म्हणा, ‘मोड छान आलेत गं, भिजवली कधी होतीस?’