परक्या झाडाचं गाव

मलंगगडाच्या पायथ्याशी आमची भातशेती. 1980 नंतर सामाजिक वनीकरणाचा बोलबाला झाला, तेव्हा मीही बांधावर निलगिरी लावली. झाड झपाट्यानं वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, राखण नको. खांबांना, बल्ल्यांना गिऱ्हाईक होतंच.

काही वर्षांनी शेजारी म्हणाला, "दादूस, तुझी झाडं माझं पाणी पितात. बांधाकडचं भात बघ, कसं पिवळं पडलंय."

मी म्हणालो, "परकं झाड ते, त्याचा गुणच तसा." दोष झाडाच्या माथी मारला आणि मोकळा झालो.

पुढं डोंबिवलीचे एक वनस्पतिशास्त्राचे सर शेतावर आले. म्हणाले, "निलगिरी म्हणजे एक झाड नव्हे. हिच्या शेकडो जाती. तुमची कुठली?" मला काय ठाऊक! निलगिरीचं फूल उमलताना कळीवरची टोपी गळून पडते. सरांनी खाली पडलेल्या टोप्या वेचल्या. टोपी शिंगासारखी लांब असली तर टेरेटिकॉर्निस, आखूड आणि चोच काढलेली असली तर कॅमल्डुलेन्सिस. आमची चोचवाली निघाली. दोघींचे संकरही होतात, म्हणून सरांनी फळं, पानंही पाहिली. निलगिरी डोंगरावरची तेलाची ग्लोब्युलस, ती तर तिसरीच.

कॅमल्डुलेन्सिसचं गाव ऑस्ट्रेलिया. तिथल्या कोरड्या मुलखात ती नदी-ओढ्यांच्या काठानं उभी असते. पात्र महिनोन्‌महिने कोरडं, पूर येईल तेव्हा येईल. म्हणून मुळं खोल जातात, सापडेल ते पाणी ओढतात. नाव मात्र इटलीतल्या कॅमल्डोलीच्या बागेवरून 1832 साली पडलं. आपण निलगिरी म्हणतो. तिच्या स्वतःच्या गावाचं नाव कुठंच नाही.

मग मनात आलं, मिरची परकी, काजूही परका. त्यांना कोणी बोल लावत नाही. तिकडं जो गुण, तोच माझ्या बांधावर अवगुण झाला. झाड बदललं नव्हतं, जागा बदलली होती. आणि ती जागा झाडानं निवडली नव्हती, मी निवडली होती.

शेजाऱ्याकडं गेलो. म्हणालो, "झाडाची नाही, माझी चूक." त्याच्या बाजूची झाडं तोडली, आलेल्या पैशातला अर्धा वाटा त्याच्या हातावर ठेवला.

बुंध्यांना अजून फुटवे येतात. दर पावसाळ्यात कोयती घेऊन जावं लागतं. चूक कबूल केली म्हणून मुळं काही निघत नाहीत.