उघड्या दाराची प्रार्थना

पुणे जिल्ह्यातील अवर्षणाच्या मुलखात, दौंड तालुक्यातील केडगावी, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे अनाथ मुलींसाठीचे मुक्तिसदन उभे आहे. केडगाव म्हटले की धर्मांतराची जुनी फिर्याद जागी होते, आणि तिच्या गलबल्यात रमाबाईंनी आपल्या नव्या धर्माच्याच दरबारी गुदरलेली तक्रार सहसा कोणी वाचत नाही.

बाह्योपचारांचा पोकळपणा त्यांना कोण्या मिशनऱ्याने शिकवावा लागला नव्हता. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, होते नव्हते ते दानधर्मात वेचले, उपास केले, प्रदक्षिणा घातल्या, आणि १८७४ च्या दुष्काळात ते व त्यांची पत्नी अन्नावाचून गेले. परंतु १८८३ साली विलायतेत वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर, गळ्यातल्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नसावीत, हा रमाबाईंचा प्रश्न तेथील मठातल्या भगिनींना उद्दामपणाचा वाटला. त्रैक्याचा सिद्धांत मनाला पटल्यावाचून तोंडाने म्हणण्यास त्यांनी साफ नकार दिला. मांसाहार तर त्यांनी कधी पत्करलाच नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इतका कठोर पंचनामा त्यांच्या पुणेरी विरोधकांनाही साधला नाही.

त्या विरोधकांचा मुद्दा मात्र उडवून लावण्याजोगा नव्हता. १८८९ साली मुंबईत निघालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले रमाबाईंचे मुलींसाठीचे शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा करार होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार उघडे ठेवीत, आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून, एकांतात, पित्याची प्रार्थना करावी, ही तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील खुद्द येशूची आज्ञा. मग रमाबाईंनी ती मोडली काय? माझ्या मते, तेथे निषेध आहे तो पाहणाऱ्यांसाठी मांडलेल्या देखाव्याचा, आणि ज्या बाईने बिशपांसमोर खोटे होकार दिले नाहीत तिने स्वतःच्या घरात श्रद्धा चोरून ठेवणे हाही एक देखावाच झाला असता. तथापि आश्रितांच्या घरात उघडे दार हे केवळ दार राहत नाही, हे रानड्यांना कळले असावे आणि रमाबाईंना पुरते कळले नसावे.

पुढे केडगावी हाच पेच वाढत गेला. १८९६-९७ च्या दुष्काळातून रमाबाईंनी मध्यप्रांतातील शेकडो अनाथ मुली आणल्या, त्यांना अन्न, अक्षर आणि कसब दिले. १९०५ साली तेथे जे धार्मिक उत्थान झाले त्यात मुली मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करीत, आणि त्या अश्रूंत पश्चात्ताप किती व संसर्ग किती, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. अन्न देणाऱ्या हाताला नकार देणे सोपे नसते. विलायतेत नकाराचा हक्क इतक्या हट्टाने राखणाऱ्या बाईच्या सदनात एखाद्या पोरीच्या नकाराला कितपत जागा होती, हे मला त्या पोरींच्याच तोंडून ऐकावयास आवडले असते. पण त्या काळाबद्दल जे वाचावयास मिळते त्यात बोलते बहुधा संस्थाच.