मूळ वर, फांद्या खाली : अध्याय १५, श्लोक १ ते ४



आजपासून पंधरावा अध्याय. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो लहानपणापासून पाठ असतो, कारण जेवणाआधी म्हणायची पद्धत अनेक घरांत, आश्रमांत आहे. श्लोक फक्त २०, म्हणून सोपा वाटतो. पण सुरुवातच अशी की डोकं चक्रावतं. एक उलटं झाड आहे. मूळ वर, फांद्या खाली. नाव अश्वत्थ, आणि जुने भाष्यकार या नावाचा अर्थ सांगतात की जे उद्यापर्यंत टिकेलच असं नाही ते. दुसऱ्या श्लोकात या झाडाला आणखी मुळं फुटतात, आणि ती खाली, माणसांच्या जगात पसरतात, कर्माला बांधलेली. तिसऱ्या श्लोकात देव सांगतात की याचा आदि सापडत नाही, अंत सापडत नाही. असंगाची कुऱ्हाड घे आणि तोड.

गेल्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की मॉरिशसला जाऊन आलो, तिथे आमच्या एका आजींना भेटलो. त्यावर एका वाचक ताईंनी विचारलं, "दादा, मुळं तोडा असं गीता सांगते, आणि तुम्ही तिकीट काढून मुळं शोधायला गेलात. हा मोह नाही का?" प्रश्न बरोबर आहे. दोन दिवस मी त्यावरच अडकलोय, म्हणून आज हे जरा लांबणार.

आधी आमची गोष्ट. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घरात पिढ्यान् पिढ्या एक वाक्य चालत आलं, "एक भाऊ मोरसला गेला." मोरस म्हणजे मॉरिशस. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "मोरस साखर" ऐकू येते, ती तिथलीच. गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक भोजपुरी आणि तमिळ-तेलुगू मुलखातली, पण मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसंही गेली. काही वर्षांपूर्वी तिकडचा एक तरुण हातात एक झेरॉक्स घेऊन आमच्या गावात आला. गावकऱ्यांनी त्याला बाबांचा नंबर दिला. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर गणपतीचे फोटो येतात-जातात. आजी म्हणजे त्याच्या वडिलांची आत्या.

ती झेरॉक्स मी बारकाईने पाहिली आहे. मॉरिशसमध्ये मोका इथे महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज, गाव. आणि एक क्रमांक. तिथे उतरलेल्या माणसाची सरकारी ओळख म्हणजे हा क्रमांक. आडनाव नाही. बऱ्याच मराठी घरांत असं झालं की उतरलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं, तेही कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

आता माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, दोन टेबलं जोडायची तर युनिक की पाहिजे. इथे काय आहे? गावाचं नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं. पण ते नाव त्या काळी कोकणात दर दहा घरांत एकाचं असेल. म्हणजे ही आजी रक्ताने आमची आहे हे सिद्ध होत नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. आमच्याकडच्या कागदांत त्या भावाचा उल्लेखच नाही. "न आदि, न अंत" मला इतकं कोरडेपणाने कधी समजलं नव्हतं. दोन पिढ्या मागे गेलं की पुढचा पॉइंटर नल.

शिवाय हिशोब करा. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाचे १०२४ पूर्वज होतात. आडनावाच्या धाग्याने आपण त्यातला एक पकडतो आणि त्याला "माझं मूळ" म्हणतो. बाकीचे १०२३ कोण? त्यातल्या निम्म्या बायका, ज्यांची माहेरची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि गंमत बघा, मूळ शोधणाऱ्या प्रत्येकाला पूर्वज सरदार हवा असतो, निदान पाटील. हल्ली थुंकी पाठवून डीएनए तपासतात, तेही बरेचदा याच आशेने. करारावर नाव लावून ऊस तोडायला गेलेला पूर्वज कुणाच्या बायोमध्ये दिसत नाही. मूळ शोधण्यातला हा भाग मोहच आहे, ताई. तिथे कुऱ्हाड चालवायलाच हवी. माझ्याबाबतीतही.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. २००६ पासून जागतिक वारसा यादीत. बोटीतून उतरलेले लोक ज्या पायऱ्या चढून वर आले त्या १६ पायऱ्या अजून आहेत. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. काळ्या दगडाच्या बसक्या भिंती, शेजारून मोठ्या रस्त्याची वाहतूक. मी पाचेक मिनिटं उभा राहिलो. फोटो काढावासा वाटला नाही.

आजींचं घर बेटाच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. वय ऐंशीच्या पुढे. त्या क्रेओल बोलतात. मराठी उरलंय ते देवघरात आणि चुलीपाशी. आरतीचे शब्द, भाकरी, हळद, कोकम, आणि गणपतीत म्हणायची जाखडीची गाणी. पुतण्याचा मुलगा क्रेओलचं इंग्रजी करून मला सांगायचा, मी हळूहळू मराठीत बोलायचो, त्या डोळे बारीक करून ऐकायच्या. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा डावीकडे-उजवीकडे फिरवला आणि नातवाला काहीतरी म्हणाल्या. तो हसला. कान आमच्याकडचे आहेत म्हणे. तेवढाच पुरावा त्यांना पुरला.

मग चहा झाला, आणि त्यांनी जे विचारलं त्यासाठी मी तयार नव्हतो. जमिनीत वाटा आहे का, घर अजून आहे का, असलं काही नाही. त्यांनी विचारलं, "तिथे त्याला कुणी पान ठेवतं का?"

सर्वपित्रीला आपण पितरांसाठी जे पान वाढतो, ते. मी म्हटलं, "आजी, नाही ठेवत. घरात त्याचं नावच कुणाला माहीत नव्हतं." नातवाने भाषांतर केलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या बापाला याचीच काळजी होती. इथे आम्ही ठेवतो, पण तो तर तिकडचा. त्याला वाट बघायची सवय असेल ती तिकडच्या दाराशी.

आणि मग त्यांनी ते नाव उच्चारलं. झेरॉक्सवर ते इंग्रजी अक्षरांत असं काही लिहिलंय की मला वाचताच आलं नव्हतं. त्यांच्या तोंडून अस्सल कोकणी हेल घेऊन आलं. नाव इथे लिहीत नाही, घरचं आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. माऊलींनी या झाडावर भरपूर ओव्या लिहिल्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की हे झाड मुळात खरंच नाही. अज्ञान हेच त्याचं मूळ, म्हणून ज्ञानानेच ते तुटतं. मला जे कळतं ते एवढंच, की कुऱ्हाड "माझं" वर चालते. माझं कूळ, माझं आडनाव, माझे सरदार. पण कुणाचं देणं असेल तर ते "मी असंग आहे" म्हणून बुडवता येत नाही. गीता ज्याला सांगितली तो स्वजनांकडे पाठ फिरवून निघालाच होता, आणि त्याला थांबवण्यासाठी १८ अध्याय लागले. संग सोडणं आणि माणसं सोडणं यात आपण फार सहज गल्लत करतो. आमच्या घराने त्या भावाला सोडलं होतं. त्याला कुणी वैराग्य म्हणणार नाही, तो नुसता विसर होता.

आणि रक्ताचा पुरावा नाही त्याचं काय? तर्पणात ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, ज्यांना कुणीच नाही, त्यांनाही पाणी देतात. म्हणजे जुन्या लोकांनी ही की न जुळण्याची केस आधीच धरून ठेवली आहे. आजी आमच्या नसतील तरी पान ठेवायला अडचण नाही. हे मला पटलंय. तरी खरं सांगू? त्या आमच्याच असाव्यात असं अजून वाटतं. म्हणजे झाड पुरतं तुटलेलं नाही.

बाबांना तिथूनच फोन केला. ते नाव दोनदा म्हणून घेतलं त्यांनी माझ्याकडून. मग म्हणाले, "अरे, हे तर माझ्या आजोबांच्या चुलत्याचंही नाव होतं." एवढंच बोलले.

परवा सर्वपित्री झाली. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर कावळा मिळणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. आईने एक पान जास्त वाढलं, भात, वडे, खीर. बाबांनी नाव घेतलं. मी फोटो पाठवला. संध्याकाळी आजींचा व्हॉइस मेसेज आला, चार सेकंदांचा, मराठीत : "जेवला?"

उद्या श्लोक ५ आणि ६.