केसांआडचा कान

श्रवणयंत्र वापरणारा एखादा तरुण कान झाकले जातील इतके केस वाढवतो, तेव्हा त्याच्या या कृतीला सत्य-असत्याची कसोटी लावता येते का, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो; परंतु देहावरील खुणा, त्या दाखवण्याचे किंवा झाकण्याचे स्वातंत्र्य आणि त्यातून इतरांविषयी उत्पन्न होणारे कर्तव्य हे तिन्ही धागे त्यात गुंतलेले असल्यामुळे धर्मविचाराला तो टाळता येत नाही. वैगुण्य झाकणे हा भ्याडपणा आणि ते चारचौघांत मिरवणे हा बाणेदारपणा, अशी सोपी वाटणी अलीकडे बरीच रूढ झाली आहे. पूर्वी याच्या नेमके उलट, म्हणजे झाकणे हाच शहाणपणा, असे घरोघरी शिकवले जाई. या दोन्ही मतांनी झाकण्याच्या कृतीकडे पाहिले आणि ती कोणासमोर घडते, हे मात्र पाहिले नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत सत्याची गणना पाच यमांमध्ये, म्हणजे साधकाने स्वतःच्या वर्तनावर घालून घ्यावयाच्या पाच निर्बंधांमध्ये, होते. त्यावरील व्यासभाष्याने सत्याचा अर्थ केवळ जसे आहे तसे बोलण्यापुरता मर्यादित ठेवलेला नाही. वाणी फसवणारी नसावी, संभ्रमात पाडणारी नसावी, ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही अशीही नसावी, आणि मुख्य म्हणजे ती प्राणिमात्राच्या हितासाठी असावी, अशा अटी भाष्यकार घालतो; ज्या बोलण्याने कोणाचा घात होतो ते शब्दशः खरे असले तरी त्याला सत्य म्हणायला तो तयार नाही. म्हणजे बोलणाऱ्याने काय उच्चारले याच्या जोडीला ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरले, हेही तपासावे लागते. हे मान्य केले की केशरचना, वेश, अलंकार या न बोलणाऱ्या गोष्टीही विचाराच्या कक्षेत येतात, कारण पाहणाऱ्याची काही ना काही समजूत त्याही करून देतच असतात.

महाभारताच्या द्रोणपर्वातील युधिष्ठिराचे वचन हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अश्वत्थामा मारला गेला, हा भाग तो स्पष्ट उच्चारतो, आणि मेला तो हत्ती, हा भाग द्रोणांच्या कानी पडणार नाही इतका अस्पष्ट ठेवतो. उच्चारलेल्यात खोटे काहीच नसते, तरीही तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. या प्रसंगाची चर्चा बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूने होते. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर येथे अपराध घडला तो दुसऱ्याच्या श्रवणाच्या मर्यादेचा फायदा घेऊन, असे दिसते. वाक्याचा अर्धा भाग हरवणे आणि उरलेल्या अर्ध्यावर निर्णय घ्यावा लागणे हा कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा रोजचाच अनुभव असतो. द्रोणांवर ती वेळ एकदाच आली आणि ती प्राणावर बेतली.

या प्रसंगातून एक निकष हाती लागतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले ते त्या वाक्यावर विसंबून. त्यामुळे जिथे दुसऱ्याचा निर्णय आपल्या न सांगण्यावर विसंबलेला असतो, तिथे न सांगणे असत्याच्या जवळ जाते, आणि जिथे असा कोणताच निर्णय अडकलेला नसतो, तिथे ते निव्वळ खासगी असते. लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाला आपल्या कानाची माहिती देण्याचे बंधन कोणावरही नाही. लग्नाच्या बोलण्यांत मात्र ते आहे. ज्या मुलाच्या मागे केस काप म्हणून वर्षभर तगादा लावलेला असतो, त्याच मुलाला स्थळे येऊ लागल्यावर राहू देत तसेच, असे घरचेच सुचवतात, तेव्हा झाकणारा हात मुलाचा असला तरी हेतू कुटुंबाचा असतो, आणि फसगत होते ती ज्या मुलीला त्याच्याशी उभा जन्म बोलायचे आहे तिची.

तथापि झाकण्याची गरज मुळात का निर्माण होते, हे पाहिल्याशिवाय तरुणाच्या वर्तनावर निवाडा देणे अन्यायाचे होईल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि जन्मबधिर यांना, वेडा, मुका आदींच्या बरोबरीने, पित्याच्या संपत्तीतील वाट्यातून वगळले आहे. त्यांना आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, असे लगेच पुढे सांगितले आहे, पण पोसणे वेगळे आणि वाटेकरी मानणे वेगळे. ही अपात्रता १९२८ च्या कायद्याने मोठ्या प्रमाणात सैल झाली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने रोग, दोष किंवा व्यंग यांमुळे वारसाहक्क जात नाही, असे स्पष्ट केले. पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, हाच प्रश्न ‘अधिकार’ या नावाखाली हाताळला आहे. अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ मिळवण्याची पात्रता. देहातील वैगुण्य दूर होण्याजोगे असेल तर अधिकार जात नाही आणि मुळीच दूर न होणारे असेल तर जातो, असा तेथील निर्णयाचा आशय आहे.

या दोन वर्गांत श्रवणयंत्र कुठेच बसत नाही. यंत्र लावल्याने ऐकू येते, पण कान बरा होत नाही. रात्री ते काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवले की घर पुन्हा निःशब्द होते. शिवाय यंत्र आवाज वाढवते, शब्द स्पष्ट करतेच असे नाही, आणि लग्नाच्या कार्यालयात किंवा उपाहारगृहात ते शेजारच्याच्या बोलण्याइतकाच भांड्यांचा खणखणाटही कानात ओतते. यंत्राने भरून निघणाऱ्या पण पूर्ण न भरणाऱ्या वैगुण्याचा हा तिसरा वर्ग मीमांसकांसमोर नव्हता, यात नवल नाही. आजच्या समाजासमोर तो असूनही त्याची जाण नाही, हे अधिक खटकते. मशीन लावले आहे ना, मग ऐकू कसे येत नाही, असे विचारणारी माणसे त्या तरुणाला पहिल्या वर्गात टाकतात आणि याला सांगून काय उपयोग, असे म्हणणारी दुसऱ्या. बऱ्याचदा ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून, एकाच संध्याकाळी निघतात.

अमेरिकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ च्या ‘स्टिग्मा’ या ग्रंथात अशा खुणांचे दोन प्रकार केले: जी दिसल्यावाचून राहत नाही ती, आणि जी अजून कळलेली नाही पण केव्हाही कळू शकेल ती. पहिल्या प्रकारच्या माणसाला समोरच्याच्या मनातील अवघडलेपण सांभाळावे लागते, दुसऱ्याला स्वतःविषयीची माहिती सांभाळावी लागते. जनकाच्या सभेत प्रवेश करताच हसू ओढवून घेणारा लोककथेतील अष्टावक्र पहिल्या प्रकारचा. आठ ठिकाणी वाकलेले शरीर झाकण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सभेला चामड्याची पारख करणारे म्हणून खडसावण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग उरला नाही, आणि आपल्याकडे शौर्याचे माप तेच ठरले. श्रवणयंत्र वापरणारा तरुण दुसऱ्या प्रकारात मोडतो. कोणाला सांगितले आहे, कोणाला नाही, वारा कोणत्या बाजूने सुटला आहे, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर यंत्र कधी काढायचे, हे सारे त्याला मनात बाळगावे लागते. त्याच्याकडून अष्टावक्राच्या शौर्याची अपेक्षा करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

आता केसांकडे वळावे. बहुतेक सर्व परंपरांत केस हे त्याग किंवा व्रत यांचे चिन्ह आहे: बौद्ध भिक्षू मुंडन करतो, जैन साधू स्वतःच्या हाताने केस उपटतो, शैव तपस्वी जटा राखतो आणि बायबलच्या जुन्या करारातील नाझीर व्रत घेणारा व्रतकाळात डोक्याला वस्तरा लावू देत नाही. महाराष्ट्रातील मुलाच्या बाबतीत तर कान आणि केस हे दोन्ही अगदी आरंभीच संस्कारांच्या हाती जातात. कान टोचले जातात, जावळ काढले जाते, आणि दोन्ही वेळी आप्तांना बोलावून पेढे वाटले जातात. ज्या कानातील डुलाचे छायाचित्र भिंतीवर लागते, त्याच कानावर पुढे यंत्र आले की ते छायाचित्रात येऊ नये म्हणून मुलाला मान वळवायला सांगितले जाते. नाथपंथातील कानफाटे योगी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे आहेत. दीक्षेच्या वेळी कानाची पाळी नव्हे, तर मधला कूर्चेचा भाग चिरून त्यात मोठी मुद्रा घालतात, आणि ती लांबूनही दिसावी हाच तिचा हेतू असतो. निवृत्तिनाथांमार्फत ज्ञानेश्वरांपर्यंत पोचलेल्या गुरुपरंपरेच्या मुळाशी असलेल्या या पंथात छेदलेला कान ही साधकाची ओळख आहे. या दोन कानांमधला भेद दिसण्या-न दिसण्याचा नाही. एक खूण स्वीकारलेली आहे आणि दुसरी वाट्याला आलेली.

केस वाढवणारा तरुण वाट्याला आलेल्या खुणेवर स्वीकारलेली खूण पांघरतो, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. लांब केसांच्या तरुणाकडे लोक पाहत नाहीत असे नाही. उलट अधिकच पाहतात, बुवा झालास की गिटार शिकतोस, असेही विचारतात. परंतु ही टीका त्याने स्वतः ओढवून घेतलेली असते आणि तिला उत्तर देता येते. कानाविषयीच्या कीव-मिश्रित प्रश्नाला तसे उत्तर नसते. शिवाय त्याला केस मनापासून आवडत असतील हीही शक्यता आहे, आणि आवड व आडोसा यांतील कोणता हेतू किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. नांदेडच्या हुजूर साहिब परिसरातील केशधारी शीख तरुण याच यंत्रावर दस्तार बांधतो, तेव्हा त्याचाही कान झाकला जातो. पण १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना झाल्यापासून केस हे पाच ककारांपैकी, म्हणजे खालसा शिखाने धारण करावयाच्या पाच खुणांपैकी, एक असल्यामुळे त्याला कोणी हेतू विचारत नाही. बाहेरून पाहिले तर दोघांच्या कृतीत फरक नाही, आणि एकाला मिळणारा विश्वास दुसऱ्याला नाकारण्याचे कारण केवळ संप्रदायाचे पाठबळ एवढेच निघते.

तरीही झाकण्याला एक किंमत आहे आणि ती फसवल्या जाणाऱ्याने नव्हे, तर झाकणाऱ्याने मोजायची असते. कानामागे बसणाऱ्या यंत्राचे मायक्रोफोन त्याच्या वरच्या कडेला असतात. केस त्यांवर घासले की खरखर वाढते, घाम आणि तेल उतरले की भोके बुजतात. याहून मोठी किंमत अशी की समोरच्याला यंत्र दिसत नसल्यामुळे तो तोंड वळवून बोलतो, पाठीमागून हाक मारतो, आणि उत्तर आले नाही की मुलगा शिष्ट आहे, असे ठरवून मोकळा होतो. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही, बोलणाऱ्याचाही त्यात वाटा असतो. लंडनच्या एफ. सी. राइन यांच्या पेढीने १८१९ च्या सुमारास पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी, ज्याच्या अमलाखाली तेव्हा गोवाही होता, एक सिंहासन बनवले. त्याचे पोकळ हात सिंहाच्या उघड्या जबड्यांत संपत, आणि भेटीस आलेल्याने गुडघे टेकून त्या जबड्यात बोलावे, म्हणजे आवाज नळीवाटे राजाच्या कानी जाई. हीच पेढी सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी केसांत लपणारी श्रवणसाधनेही बनवी. सत्ता असली की बोलणारा वाकतो, नसली की ऐकणारा लपतो, हे एकाच कारखान्यातून निघालेल्या या दोन वस्तूंवरून पुरते कळते.

नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग या सर्वांत अवघड आहे, कारण तिथे दुसऱ्याचा निर्णय अडकलेला असतो आणि तो अन्याय्य असण्याचा संभवही असतो. कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेली कौशिकाची कथा इथे उपयोगी पडते: जीव वाचवण्यासाठी रानात दडलेल्या माणसांचा ठावठिकाणा या सत्यव्रती तपस्व्याने पाठलाग करणाऱ्या दरोडेखोरांना खराखुरा सांगितला, आणि त्या सत्याबद्दल तो नरकात गेला. जो सत्याचा उपयोग घातासाठीच करणार आहे त्याला ते देण्याचे बंधन नाही, हा त्या कथेचा रोख आहे. हिशेब लिहिण्याच्या किंवा संगणकावरील कामासाठी केवळ यंत्र दिसले म्हणून उमेदवाराला नाकारणारा मालक या कथेतील विचारणाऱ्यांच्या फार दूर नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणाऱ्याला कमी ऐकू येणारा आणि ७० किंवा त्याहून अधिक असणाऱ्याला बधिर मानतो, आणि शासकीय आस्थापनेला नोकरीत अशा व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई करतो. एखादी आस्थापना यातून वगळायचीच असेल तर तेथील कामाचे स्वरूप पाहून शासनाने तशी अधिसूचना काढावी, अशी त्यात तरतूद आहे. इशाऱ्याची शिट्टी ऐकण्यावर जिथे इतरांचे प्राण अवलंबून असतात, तिथे तरुणाला कौशिकाच्या कथेचा आधार घेता येणार नाही. पण अशी कामे थोडी आहेत, आणि ती कोणती हे उघडपणे, लेखी ठरायला हवे. मुलाखतीच्या टेबलापलीकडून कानाकडे टाकलेल्या एका नजरेवर ते ठरत राहील, तोवर त्या टेबलासमोर केस मोकळे सोडून बसणाऱ्याला सत्याचा उपदेश करण्याची घाई कोणी करू नये.