पुस्तक मिटा आणि सांगा

पूर्वपरीक्षेचे भूमितीचे पेपर तपासून झालेत. आज शिकवणार नाही, बोलणार आहे. माना खाली घालू नका, माझ्याकडे बघून ऐका.

आंतरलिखित कोनाचं प्रमेय विचारलं होतं. वर्तुळ सुरेख काढलंत, बिंदूंना नावं दिलीत, पक्ष लिहिलात, साध्य लिहिलंत. मग 'सिद्धता' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात आणि थांबलात. अर्ध्याहून अधिक वर्ग त्या दोन रेघांशी थांबलाय. पेपर अवघड होता असं मला सांगायचं नाही. हे प्रमेय तुमच्या बालभारतीच्या पुस्तकात आहे आणि याच फळ्यावर झालंय. तेव्हा "समजलं का?" म्हणून विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणाला होता.

जूनमध्ये अख्खं वर्ष पडलं होतं. मग म्हणालात, गणपती होऊ द्या, की बसतो. गणपती गेले. दिवाळीच्या सुट्टीत सगळं भरून काढतो म्हणालात. सुट्टीत किल्ले झाले, फटाके झाले, मामाचं गाव झालं. पुस्तक मात्र दप्तरातून गेलं तसंच परत आलं. डिसेंबर गॅदरिंगच्या तालमींत आणि सहलीत गेला. आता बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, आणि मधल्या सुट्टीत मला गाठून विचारता, "सर, आयएमपी काय आहे?" भूमितीची प्रकरणं सात. समरूपता पक्की नसेल तर पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता कळणार नाही, आणि पायथागोरस नसेल तर त्रिकोणमितीतली पहिली नित्यसमानताही सुटणार नाही. यातलं बिनमहत्त्वाचं कोणतं, ते तुम्हीच मला सांगा.

तुम्हाला मी आळशी म्हणत नाही. तुमच्या वह्या बघितल्यात मी. चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेली वेळापत्रकं बघितलीत, दर आठवड्याला नवीन. अख्खं पान पिवळं होईपर्यंत हायलायटर फिरवलेली पुस्तकं बघितलीत. महत्त्वमापनाचा संपूर्ण सरावसंच वहीत आहे आणि त्यात एकही खाडाखोड नाही! जो स्वतः गणित सोडवतो, त्याच्या वहीत खाडाखोड असतेच. ती वही गाईडमधून उतरवलेली आहे, हे मला पहिल्या पानावर कळतं. मोबाईलवर दुप्पट वेगाने व्हिडिओ बघता, शिकवणारा भराभर सोडवत जातो, तुम्ही मान डोलवता आणि अभ्यास झाला म्हणून उठता. तासन्‌तास टेबलाशी बसता, हे मला मान्य आहे. पण त्या तासांत कोऱ्या कागदावर, कुठेही न बघता, स्वतःचं असं काय लिहिलंत?

तिथेच तुमचं घोडं अडतं. पुस्तक मिटलं की 'मला हे येत नाही' हे उघडं पडतं, आणि तो क्षण तुम्हाला नको असतो. म्हणून तो उद्यावर ढकलता आणि तोवर वाचत राहता. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, पोरांनो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. बाकीच्यांना तो वाचून झाल्यावर, न बघता आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आपल्या लक्षात जास्त राहील असा विश्वास मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. तुमचं "हो सर" त्याच विश्वासातून आलं होतं.

आणि आदल्या रात्री जागून सगळं उरकू, ही भाषा माझ्यासमोर नको. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि ते 1885 मध्ये छापलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं, दिवसभरात जवळजवळ दोन तृतीयांश. अर्थ असलेलं इतक्या झटपट पुसलं जात नाही, हे खरं. पण अर्थ न कळता पाठ केलेली सिद्धता तुमच्यासाठी निरर्थक अक्षरांची यादीच असते. शिवाय दिवसा शिकलेलं पक्कं होण्यासाठी झोप लागते, आणि नेमकी तीच तुम्ही त्या रात्री मोडता. सकाळी अकराला पेपर हातात पडतो तेव्हा डोळे चुरचुरत असतात आणि डोक्यात एका प्रमेयाची रचना दुसऱ्यात मिसळलेली असते.

अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आहेतच, लेखीत थोडे पडले की पस्तीस होतात, हा हिशोब मी कालच व्हरांड्यात ऐकला. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हेही कोणीतरी म्हणालं. ती अडलेल्यासाठी ठेवलेली सोय आहे. दिवसभर कामावर राबून आलेले तुमचे वडील तुम्ही अभ्यासाला बसलात म्हणून टीव्ही लावत नाहीत. त्यांच्या घरात बसून असले हिशोब मांडता? पस्तीसवर पास होऊन अकरावी सायन्सला जाल, तर तिथे त्रिकोणमिती पहिल्या काही आठवड्यांतच समोर येईल, आणि तिथले शिक्षक दहावीचं पुन्हा शिकवत बसणार नाहीत.

उद्यापासून शाळेच्या आधी, सकाळी सात वाजता हा वर्ग उघडा असेल. कोरे कागद आणि कंपासपेटी आणा, गाईड घरी ठेवा. रोज एक प्रमेय न बघता लिहायचं आणि दोन गणितं सोडवायची. अडलात तर जिथे अडलात त्या ओळीखाली रेघ मारा, तेवढ्यापुरतं पुस्तक उघडा, मिटा आणि पुन्हा पहिल्यापासून लिहा. मला दाखवायचा तो रेघ मारलेला कागद. सुवाच्य वही बघणार नाही मी. चुकल्याबद्दल कोणालाही रागावणार नाही. कोरा कागद देणाऱ्याला मात्र शेजारी बसवून घेईन आणि सुटेपर्यंत उठू देणार नाही. उद्याचं प्रमेय आंतरलिखित कोनाचं. वर्तुळकेंद्र कोनाच्या भुजेवर, आंतरभागात आणि बाह्यभागात, तिन्ही प्रकार लिहायचे.